बाबांची उड्डाणवही आणि मिस्टर पेम्बल

माझे वडील, एकेहार्ड ब्रेनर, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमान चालवायचे. जर्मनीत ओडेनवाल्डमधल्या आमच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या घरात मात्र त्याबद्दल चकार शब्द निघत नसे. युद्धकैदेतून सुटून आल्यावर त्यांनी आजोबांची सफरचंदाची बाग हातात घेतली, आणि मला आठवतात ते बाबा शिडीवरचेच. त्यांची पदकं कलमं करायच्या चाकूंच्या खणात, एका जुन्या मोज्यात असायची. दोन आयर्न क्रॉस, एक सोनेरी उड्डाणपदक, आणि गळ्यात घालायचा तो मोठा नाइट्स क्रॉस. तो जिल्ह्यात आणखी कुणाकडेच नव्हता.

आमचे बेकर कोल्ब माजी सैनिक मंडळाचे अध्यक्ष. शहीद दिनाच्या मिरवणुकीत बाबांनी क्रॉस घालून पुढे चालावं म्हणून ते दरवर्षी मागे लागायचे, आणि बाबा दरवर्षी पाठदुखीचं कारण सांगायचे. त्रेसष्ट सालच्या सप्टेंबरात मात्र कोल्ब वेगळंच काम घेऊन आले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरातलं गायकमंडळ आमच्या चर्चमध्ये गाणार होतं आणि एकेक पाहुणा एकेका घरी उतरणार होता. पदकंबिदकं नजरेस पडू देऊ नका, एवढंच सांगायला ते आले होते.

बाबा म्हणाले, "कोल्ब, आजवर लाव म्हणत होतास, आता लपव म्हणतोस. एकदा काय ते ठरव."

आमच्या वाट्याला आले मिस्टर हर्बर्ट पेम्बल. साठीचे, बुटके, आवाज मात्र खर्जातला. आई-बाबांना इंग्रजी येत नव्हतं आणि त्यांना जर्मन. मी नुकतीच शाळेत इंग्रजी शिकवायला लागले होते, त्यामुळे दुभाषी मीच. पहिले दोन दिवस हवा, गुडघे आणि आईचा आलुबुखारचा केक एवढ्यावर छान निभावलं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मिस्टर पेम्बलनी खिशातून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. आत पदक होतं. युद्धात ते बंदराच्या अग्निशमन दलात होते, त्याबद्दल मिळालेलं. मग सरळ बाबांकडे बघून ते म्हणाले, "यांनाही मिळाली असतील. बेकरीतली बाई मला हाताने विमान करून दाखवत होती."

मी भाषांतर केलं. आई भांडी घ्यायला उठली आणि तशीच उभी राहिली. बाबा खणाकडे गेले. मोजा आणला आणि त्याबरोबर, मी कधीच न पाहिलेली, निळ्या पुठ्ठ्याची उड्डाणवही.

मिस्टर पेम्बलनी एकेक पदक उचलून, वजन केल्यासारखं हातात धरून पाहिलं. मोठा क्रॉस कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं.

 बाबा म्हणाले, "सांग त्यांना. तुमच्या बंदराबद्दल. आणखीही बंदरं होती, पण तुमच्यावर मी सहा वेळा आलो."

दुभाष्याने 'ते म्हणतात' असं म्हणायचं नसतं, हे मीच माझ्या विद्यार्थ्यांना शिकवायचे. म्हणून मी इंग्रजीत म्हणाले, "तुमच्यावर मी सहा वेळा आले."  वडिलांचं युद्ध मला असं कळलं, माझ्याच तोंडून.

मिस्टर पेम्बलनी वही पुढे ओढली. आकडे वाचायला भाषा लागत नाही. मे महिन्यातल्या एका तारखेवर त्यांचं बोट थांबलं. पुढे बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं : लक्ष्य स्पष्ट, आगी दुरून दिसतात.

"त्या आगी मी विझवत होतो," मिस्टर पेम्बल म्हणाले. "धान्याच्या कोठाराची भिंत कोसळली. माझ्या तुकडीतले दोघं गेले. व्हर्नन आणि धाकटा टिल."

बाबांनी नावं पुन्हा विचारली. मी सांगितली. त्यांनी ती हळूच स्वतःशी म्हणून पाहिली. माफी मागितली नाही. हुकूम होता, असंही म्हणाले नाहीत. "वरून माणसं दिसत नव्हती," ते म्हणाले, "पण आहेत हे मला माहीत होतं."

"त्या वेळी भेटला असतात तर फावडं डोक्यात घातलं असतं."

"बरोबरच केलं असतंत."

 मग मिस्टर पेम्बलनी विचारलं, झोप लागते का?

"लागते," बाबा म्हणाले. "लागू नये असं वाटतं, पण लागते."

मिस्टर पेम्बलनी मान हलवली. मलाही लागते म्हणाले, आणि बायको म्हणते घोरतोही. मग पदक डबीत ठेवून, जरा पाय मोकळे करून येतो म्हणत एकटेच बाहेर पडले. आईला वाटलं, आता हे कोल्बकडे जाऊन दुसरं घर मागणार. तासाभराने खिडकीतून पाहते तो काय, ते बागेतल्या दुसऱ्या शिडीवर चढले होते आणि सफरचंदं देठासकट तोडायचं सोडून ओढून काढत होते. बाबा धावत गेले आणि त्यांचं मनगट धरून कसं वळवायचं ते दाखवू लागले. त्यासाठी मला कुणी हाक मारली नाही.

पुढची नऊ वर्षं मिस्टर पेम्बल दर सप्टेंबरात तोडणीला आले. आमची आंबट सफरचंदाची दारू त्यांना शेवटपर्यंत आवडली नाही, तरी दुसरा पेला ते कधी नाकारत नसत. कोल्बनी मिरवणुकीचा विषय काढणं सोडलं. बाबांनी त्यांना फक्त दारातून दुसऱ्या शिडीवरचे मिस्टर पेम्बल दाखवले होते.

सहासष्टच्या उन्हाळ्यात बाबा आणि मी त्यांच्याकडे गेलो. व्हर्नन आणि टिल यांच्या थडग्यांपाशी बाबा टोपी काढून उभे राहिले. संध्याकाळी मिस्टर पेम्बल आम्हाला बंदरावरच्या दारूच्या गुत्त्यात घेऊन गेले. आत सगळे जुने गोदी कामगार. मिस्टर पेम्बलनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हे ब्रेनर. पूर्वीही येऊन गेलेत, पण तेव्हा थांबले नव्हते."

सगळ्यांनी पेले खाली ठेवले. मग कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्याने पायाने खुर्ची पुढे ढकलली. बाबा बसले. तळलेला मासा त्यांनी दोनदा मागवला. परतीच्या बोटीवर मात्र, एवढी चांगली माणसं बिअर कोमट का पितात, याबद्दल ते माझ्याशी पार किनारा दिसेनासा होईपर्यंत तक्रार करत होते.