डाव्या खुर्चीच्या खणातली ट्यूब

मी एक जुनी, पोटाला चिमटे बसलेली मलमाची ट्यूब आहे. मित्रांनो, माझा मुक्काम दोन खुर्च्यांच्या एका केशकर्तनालयात, डाव्या खुर्चीच्या खणात, बोथट कात्र्यांशेजारी. बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

कारखान्यात माझ्या पोटात पांढरं मलम भरलं, शेपूट दाबून बंद केली आणि खोक्यात घातलं. पुढे डाव्या खुर्चीच्या कारागिरानं मला विकत घेतलं. त्याच्या नाकाच्या कडांना आणि भुवयांत लाल चट्टे, वर पिवळट कोंडा. दिवसभर आरशासमोर उभं राहायचं, तर लपवणार तरी कुठं?

कातडी कोरडी पडली असं समजून आधी त्यानं मालिशचं तेल चोपडलं. खपल्या वाढल्या, तेव्हा दाढीनंतर फिरवायची तुरटी घासली. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्याला चालतं ते आपल्यालाही चालणार, अशी त्याची समजूत. झालं, आगीतून फुफाट्यात! शेवटी डॉक्टरीणबाईंनी मला लिहून दिलं. विकत घेतल्यावर मला दाखवायला तो परत त्यांच्याकडे गेला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तेल बंद. हे एकाचं दुसऱ्याला लागत नाही हो. एक बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते, तुमच्या कातडीला ती सोसत नाही. रोज दोनदा मलम लावा. आणि बरं वाटलं तरी आठवड्यातून एकदोनदा लावत राहा, हे परत येतं."

महिन्याभरात चेहरा निवळला. "हिच्यामुळं तोंड दाखवायची सोय झाली," असं तो बायकोला फोनवर म्हणाला. मी फुलून गेले. दुसऱ्याच दिवशी त्यानं मला खणात टाकलं. गरज सरो, वैद्य मरो!

किती दिवस गेले कोण जाणे. माझ्या झाकणावर केसांची लव साचली. मला फार एकटं वाटायचं. खणाच्या फटीतून बाहेरचं ऐकू यायचं आणि जरासं दिसायचं.

एका सकाळी मास्तर आले. वीस वर्षं ते आमच्या कारागिराच्याच खुर्चीत बसत. त्या दिवशी डावी खुर्ची रिकामी असून ते बाकावरच बसले. "उजवी मोकळी होऊ दे, मला घाई नाही." मी ओळखलं, चट्टे परतले होते. मग त्यांचं पाहून बाकीचेही बाकावर बसू लागले. हा आपला रिकाम्या खुर्चीची पाठ पुसत उभा. त्याच्याशीही कुणी बोलत नव्हतं.

महिना गेला, तेव्हा कुठं त्याला माझी आठवण झाली. झाकण घट्ट बसलं होतं, दातानं उघडलं. या खेपेला त्यानं नेमानं लावलं. चेहरा स्वच्छ झाला, तरी मास्तर बाकावरच.

शेवटी एकदा त्यांनीच वर्तमानपत्र खाली घेतलं. "काय रे, ते दुसऱ्याला लागत तर नव्हतं ना?"

"नाही, मास्तर."

"मग तेव्हाच सांगायचं की."

"तुम्ही विचारलं कुठं?"

 मास्तर उठले आणि डाव्या खुर्चीत येऊन बसले.

मित्रांनो, मी आता जवळजवळ रिकामी आहे. बरं वाटलं म्हणून औषध अडगळीत टाकू नका. आणि कुणाच्या चेहऱ्यावर चट्टे दिसले, तर दूर सरकण्याआधी एक प्रश्न विचारा. मास्तरांना तो विचारायला तीन महिने लागले.