हँडलची दोरी

मित्रांनो, हसायचं तर आधी हसून घ्या, पण मीही एक स्कूटरच आहे. जुनी, लाकडी आणि बिनइंजिनाची. दोन लाकडी चाकं, त्यांवर ठोकलेल्या टायरच्या पट्ट्या, मध्ये लांब फळी आणि पुढे बैलाच्या शिंगांसारखं हँडल. एक पाय फळीवर ठेवायचा, दुसऱ्याने जमीन ढकलायची, की निघाली स्वारी.

मला एका सुताराने घडवलं. चालवायची मात्र त्याची बायको. कोबीची पोती लादून आम्ही दोघी रोज उतारावरून बाजारात जायचो. तिची आई त्यांच्याच घरी राहायची. मला पाहिलं की म्हातारी नाक मुरडायची. "दोन चाकांवर कधी काही उभं राहतं होय?" आता थांबल्यावर मला भिंत लागते, हे खरंच आहे. पण चालताना मी पडत नाही, हे तिला कोण सांगणार?

एके दिवशी म्हातारी धुण्याच्या दगडावर घसरली आणि तिचा पाय मोडला. डॉक्टर उताराच्या पायथ्याशी, आणि आमच्या बोळात गाडी शिरत नाही. मग काय, माझ्याच फळीवर गादी अंथरली आणि म्हातारीला तिच्यावर निजवलं.

"आयुष्यभर हिला नावं ठेवली, आता हिच्याच पदरात पडले," ती कण्हत म्हणाली.

सुतार बिचारा घाबरला होता. माझं हँडल डुगडुगतं, सासूबाईंना हिसका बसायला नको, म्हणून त्याने ते दोरीने फळीला करकचून बांधलं. चार पावलं गेलो नाही तोच मी डावीकडे कलले. वळू पाहते तर हँडल हलेना. पुन्हा पडली तर म्हातारीच्या पायाचं काय होणार? तेवढ्यात तिच्या लेकीने खांदा लावून मला थोपवलं.

"अहो, हे काय केलंत?"

"डुगडुगू नये म्हणून बांधलं."

"डुगडुगते म्हणूनच तर ती पडत नाही. डावीकडे कलली की हँडल डावीकडे वळतं आणि चाकं पुन्हा वजनाखाली येतात. बांधून ठेवलंत तर ती सावरणार कशी?"

"जावईबापू," फळीवरून आवाज आला, "वाद नंतर घाला. आधी दोरी कापा."

दोरी कापली आणि मला हायसं वाटलं. लेकीने हँडल हलक्या हाताने धरलं, सुताराने मागून ओढून वेग आवरला. मी कलत होते, वळत होते, पुन्हा सरळ होत होते. म्हातारी एकदाही ओरडली नाही. डॉक्टरांनी पाय तपासला. "हाड जागेवर बसेल. आणखी एकदा आपटला असता तर कठीण होतं," ते म्हणाले. तेव्हा कुठे सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मित्रांनो, तुमच्या सायकलीचं हँडल गंजून अडकू देऊ नका. तिला वळता आलं, तरच ती तुम्हाला सांभाळेल.

माझी काळजी आता म्हातारीच घेते. डोक्याला लावायच्या तेलाच्या बाटलीला ती लेकीलाही हात लावू द्यायची नाही. हल्ली रोज सकाळी काठी टेकत येते आणि त्यातलंच थोडं तेल माझ्या हँडलच्या सांध्यात सोडते.