खालचं गोल बटण

दुकानात दोन काउंटर समोरासमोर होते. एकावर नुसते आयफोन, दुसऱ्यावर अँड्रॉइडचे झाडून सगळे. मधल्या वाटेने गिऱ्हाईक यायचं, दोन्हीकडे बघायचं आणि या दोन्हींत चांगला कुठला, हे विचारायचं. आयफोनच्या काउंटरवर उभ्या असणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणत. समोर अँड्रॉइडच्या काउंटरवर जो माणूस होता त्याला कुणी न विचारता ज्ञान वाटायची खोड होती, म्हणून त्याचं नाव पंडित पडलं होतं. ज्या काउंटरवर उभं राहायचं तोच फोन जवळ बाळगायचा, असा दुकानाचा नियम होता. त्यामुळे ताईच्या हातात आयफोन आणि पंडितच्या हातात अँड्रॉइड. कुणाला काय आवडतं हे दुकानाने कधी विचारलं नव्हतं.

"लोक फोन घेत नाहीत ताई, सोबत घेतात," पंडित म्हणायचा. "ज्याची बायको, मेव्हणा आणि साहेब तुमच्या बाजूला, तो तुमच्याकडे येणार. कॅमेरा नि बॅटरी हे सगळं घरी जाऊन सांगायला."

ताईचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या मते माणूस अंगठ्याचं ऐकतो. वर्षानुवर्षं अंगठा जिथे जायला शिकला, तिथे बटण असलं की फोन चांगला, नसलं की फोन भिकार. तिचं कामच ते होतं, लोकांचे अंगठे या बाजूचे त्या बाजूला न्यायचे. गिऱ्हाईक कुरकुरलं की ती हसून सांगायची, दोन-चार दिवस चुकल्यासारखं होईल, मग हाताला बसेल. आणि खरंच बसायचं. इतक्या जणांचं बसलं होतं, की ते कुणाचं बसणारच नाही ही शक्यता तिच्या डोक्यातून पार पुसली गेली होती.

आई तिच्याकडेच राहायची. उभं आयुष्य शाळेत शिवण शिकवलेली बाई, सुईत दोरा अजूनही पहिल्या झटक्यात ओवायची, पण सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा ताईला एकच गोष्ट बजावली होती. "डोक्यातलं जाईल, हातातलं बरेच दिवस राहील. जे हाताने चाललंय ते चालू दे. घरात काही बदलू नका." ताईने ते शब्दशः पाळलं. कपाट हललं नाही, डबे हलले नाहीत, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तर तिने हुबेहूब तसंच शोधून आणलं.

आईचा फोन जुना अँड्रॉइड होता, खाली तीन बटणं असलेला. गोल दाबलं की पहिल्या पानावर, तिथे हिरवा फोन, त्यात सगळ्यात वर ताई. कुठे भलतीकडे गेलं की त्रिकोण दाबत सुटायचं, कधीतरी घरी पोचतंच. आईला तारीख सांगता येत नव्हती, पण हे न बघता जमायचं. दुपारी मावशी, म्हणजे तिच्या सोबतीला ठेवलेल्या बाई, निघून गेल्या की तिचे फोन सुरू व्हायचे.

"अगं, गॅस मी बंद केला का?"

"तू गॅसला हात लावत नाहीस आई. मावशी करतात."

"बरं. जेवलीस का तू?"

थोड्या वेळाने पुन्हा तेच. ताई कव्हरांच्या मांडणीमागे वाकून हळू आवाजात बोलायची आणि समोर ताटकळलेलं गिऱ्हाईक पंडितच्या काउंटरकडे सरकायचं. दुकानाच्या साहेबांनी दोनदा ऐकवलं होतं. एकदा ती आईवर खेकसलीही होती, की कामाच्या वेळी सारखं सारखं लावू नकोस. आई म्हणाली, "नाही लावणार हो." आणि चहा पिऊन होईतो परत फोन. राग यायचा आणि रागाची लाजही वाटायची, दोन्ही एकाच वेळी.

मग धाकट्याचा फोन आला. धाकटा भाऊ दूरच्या शहरात बायकोमुलांसह राहायचा आणि लांबून काळजी करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

"आमच्या सगळ्यांकडे आयफोन, तुझ्याकडे आयफोन, आई एकटीच त्या डबड्यावर," तो म्हणाला. "तिला आपल्यात घे की. मुलं व्हिडिओवर बोलतील. ती कुठे आहे ते तुला नकाशावर दिसेल. उद्या उठून दाराबाहेर गेली तर काय करणार आहेस?"

ते दाराबाहेरचं ऐकून ताई हो म्हणाली. धाकट्याने फोन पाठवून दिला, नवा कोरा, खाली एकही बटण नसलेला. ताईने एका संध्याकाळी बसून सगळं लावलं. कुलूप काढलं, अक्षरं मोठी केली, पहिल्या पानावर स्वतःचा फोटो ठेवला. जन्मात कुठल्या गिऱ्हाइकासाठी इतकं केलं नव्हतं. जुन्या फोनला एक्सचेंजमध्ये कुणी विचारलं नसतं, म्हणून तो दुकानातल्या तिच्या खणात पडून राहिला.

"चुकल्यासारखं होतंय गं," आई फोन उलटसुलट करत म्हणाली.

"दोन-चार दिवस होईल. मग हाताला बसेल."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. कपाट चार बोटं सरकू न देणाऱ्या बाईला, फोन हाही बदलच असतो हे सुचलं नाही. फोन बदलणं ही तिच्यासाठी रोजची पोटापाण्याची गोष्ट होती.

आणि आईचे फोन थांबले. पहिल्या दिवशी ताईने चारदा नकाशा उघडून बघितला. ठिपका घरातच होता. मग तिलाच बरं वाटू लागलं. दुपारी एका दमात गिऱ्हाईक हातावेगळं करता येऊ लागलं. रविवारी धाकटा लावायचा, ताई फोन आईसमोर धरायची, नातवंडं हात हलवायची आणि आईही हलवायची. सुंठीवाचून खोकला गेला, असं ती पंडितला म्हणालीसुद्धा.

पंडितने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाला, "लावतच नाहीत का त्या? माझी आजी असती तर मी काळजी केली असती ताई."

"तुमच्या बाजूचं एक माणूस गेलं म्हणून पोटात दुखतंय तुमच्या."

तो हसला, पण ताईला ते वाक्य दिवसभर बोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी ती उशिरा निघणार होती. मावशी चपला काढत असताना तिने सहज विचारलं, की आई फोन वापरते का.

"वापरतात की," मावशी म्हणाल्या. "मी निघायच्या वेळेला कानालाच असतो. मला वाटतं तुमच्याशीच बोलतात. 'ऐकतेस ना, ऐकतेस ना' चालू असतं."

ताईने पिशवी खाली ठेवली. आई खिडकीशी बसली होती, मांडीवर फोन. ताईने तो उचलला आणि आधी कॉलची यादी उघडली. येणाऱ्यांत धाकटा होता. जाणाऱ्यांत काही नव्हतं. मग तिने फोटो उघडले.

फोटो शेकड्यांनी होते. छत, पडद्याची कड, साडीचा काठ, पांढरे केस, आणि काळेच्या काळे, कानाला टेकल्यावर येतात तसे. धंद्यातली बाई ती, तिला क्षणात कळलं. आईच्या बोटाने पडदा एका बाजूला सरकत होता आणि कॅमेरा उघडत होता. तिथे खाली मधोमध एक गोल होतं. आईचा अंगठा ज्या गोलावर वर्षानुवर्षं जात होता, त्याच जागी. आई ते दाबत होती, फोन कानाला लावत होती आणि पुन्हा दाबत होती.

या फोनवर फोटोबरोबर मागचापुढचा तीनेक सेकंदांचा आवाजही उतरतो. गिऱ्हाइकांना हे दाखवताना ताई नेहमी लहान मुलाच्या हसण्याचा नमुना ऐकवायची. तिने एका काळ्या फोटोवर बोट दाबून धरलं.

"...अगं, मी बोलतेय..."

दुसरा. "...नाही, काम असेल तर राहू दे..."

तिसऱ्यात नुसता श्वास. चौथ्यात, "...येत नाहीये आवाज तुझा, मला येत नाहीये..."

तिने पुढचे ऐकले नाहीत. ती तिथेच आईच्या पायांशी जमिनीवर बसली. रोज दुपारी ती कव्हरांच्या मांडणीपुढे ताठ उभी राहून हसत होती आणि त्याच वेळी तिची आई एका कॅमेऱ्यात तिला हाका मारत होती. तिला स्वतःची किळस आली. मावशींनी पाणी आणून दिलं ते तिने बाजूला ठेवलं.

नव्या फोनमधलं सिम काढून घेऊन ती दुकानात गेली, ती खण उघडायलाच. जुना फोन तिथेच होता. पंडितने काही न विचारता आपल्या काउंटरवर तो चार्जिंगला लावला, सिम घातलं, होतं तसं पान मांडलं, हिरवा फोन जागेवर आणला, सगळ्यात वर ताईचा नंबर घातला. "झालं ताई," तो म्हणाला. "जित्याची खोड कुठे जाते. हातात घेतला की आठवेल त्यांना." साहेब बघत असताना ती अर्धी सुट्टी टाकून निघाली. रस्ताभर ती फोन हातात धरून चालली, पिशवीत टाकायचा धीर होईना.

"आई, हा बघ. तुझा फोन आणला."

आईने घेतला. तळहातावर ठेवून वजन केल्यासारखं केलं. कपड्याचा पोत बघावा तसं काचेवरून बोट फिरवलं. ताई तिच्या अंगठ्याकडे बघत राहिली. अंगठा खाली गेला नाही. कुठेच गेला नाही. फोनच्या कडेला टेकून नुसता थांबला, शिकवणारा आता काय सांगतो याची वाट बघत.

"गोल दाब ना आई."

आईने दाबलं, सांगितलं म्हणून. पहिलं पान आलं. हिरवा फोन समोर होता. आई ताईच्या तोंडाकडे बघू लागली.

ताईने सांगितलं, परत सांगितलं. तिचं बोट आपल्या बोटात धरून फिरवलं, पहिलीतल्या पोराचं पाटीवर फिरवतात तसं. बोट सोडलं की ते जिथल्या तिथे. दुकानात तिने किती लोकांचे अंगठे या वाटेवरून त्या वाटेवर नेले होते. पण त्या सगळ्यांना नवी वाट तयार करता येत होती. आईकडे एकच वाट होती, ती ताईनेच मोडली होती, आणि आता तिथे परतून येण्यासारखं काही उरलं नव्हतं. डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं, साध्या शब्दांत, आणि तिने मान डोलावली होती.

"दमलीस का गं?" आई म्हणाली. "किती बोलतेस."

"तू मला फोन करायचीस ना आई, त्याचं चाललंय."

"तुला कशाला फोन करू? तू इथेच तर आहेस."

ताई उठून आतल्या खोलीत गेली. तिला वाटलं, लावता नाही आला तरी आलेला उचलता येईल. तेवढं तरी राहिलं असेल. रोज दुपारी आपणच लावू, साहेब काय म्हणायचं ते म्हणोत. तिने नंबर लावला आणि दाराच्या फटीतून बघत राहिली.

बाहेर फोन वाजला. जुना, ओळखीचा आवाज. आईने त्याकडे बघितलं, मग इकडेतिकडे बघितलं. फोन दोन्ही हातांत नीट धरून ती सावकाश उठली आणि आतल्या खोलीच्या दाराशी आली. ताई कानाला फोन लावून उभी होती.

"घे गं," आई वाजणारा फोन तिच्यापुढे धरत म्हणाली. "तुझा फोन आलाय. कामाचा असेल."

ताईने तो घेतला, उचलला आणि दुसऱ्या कानाला लावला. तिच्या दोन्ही कानांत तिचाच श्वास येत होता. तिचं बोलणं संपेपर्यंत आई शहाण्यासारखी दाराशी उभी राहिली.