वजीहाच्या घरची वीज

आमच्या घरात कोणती वस्तू कधी चालू करायची ते मी ठरवते. सरकारची वीज तिच्या मनाला येईल तेव्हा येते, तेवढ्यात अंघोळीचं पाणी तापवून घ्यायचं. एरवी सगळा दिवस कोपऱ्यावरच्या अबू सतूफच्या जनरेटरवर. त्याच्याकडून आम्ही घेतो ती वीज इतकी बेताची, की फ्रिज चालू असताना कुणी इस्त्री लावली की खाली जिन्यातला खटका पडलाच म्हणून समजा. मग कुणीतरी सगळे मजले उतरायचे, खटका वर करायचा आणि धापा टाकत परत यायचं. खटका पडला की लेबनॉनच्या या त्रिपोलीत प्रत्येक घरातून एक बाई ओरडते, “कोण ती शहाणी?” आमच्या घरातली ती बाई मी.

म्हणून माझी धाकटी लेक रुदैना ते धूड घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर मांडायला लागली, तेव्हा मी आधी विचारलं, “हे खातं किती?”

“इस्त्रीपेक्षा खूप कमी, आई.”

“आणि देतं काय?”

“बाबांचं दुकान,” ती म्हणाली.

मी टेबलक्लॉथ काढून घेतला आणि तिला जागा करून दिली.

माझा नवरा अबू नझीह लाकूड कोरतो. अक्रोडाच्या खुर्च्या, दिवाण, आरशांच्या चौकटी. त्याच्या हातच्या संचावर बसून या गावात कितीतरी लग्नं ठरली. पण आता लोक कारखान्यातलं रंगवलेलं लाकूड घेतात. वर्षभर ऑर्डर नाही. दुकानाचा अर्धा भाग आधीच मोबाइलवाल्याकडे गेला होता, आणि उरलेला अर्धाही तोच घ्यायचा होता. शनिवारी तो सही घ्यायला येणार होता. अबू नझीहने पटाश्या तेल लावून फडक्यात गुंडाळल्या, आणि तेव्हापासून तो भिंतीकडे तोंड करून दिवाणावर पडून होता. जेवायला हाक मारली की म्हणायचा, “तुम्ही जेवा.”

रुदैनाने मात्र आफ्रिकेतल्या आबिदजानची एक बाई गाठली होती. मादाम इन्साफ आपल्याच गावची, पण अर्ध्या लेबनॉनसारखी तीही बाहेर गेलेली. तिकडे नवं घर बांधलेलं, दिवाणखाना रिकामा. पूर्ण संच हवा होता, पण न बघता घेणार नाही, आणि बघायला इथे येणार नाही. तेव्हा रुदैनाने बापाच्या खुर्च्या लॅपटॉपमध्ये बनवल्या. फोटो नव्हेत. आत जाऊन बघता येतं, फिरवता येतं, कापडाचा रंग बदलता येतो. गुरुवारी दुपारी मादाम फोनवर सगळं बघणार होती. तिला पटलं तर दुकान राहणार, नाहीतर शनिवारी सही.

अडचण लॅपटॉपची होती. खुर्ची फिरवायला घेतली की तो गुडघे धरून जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखा थांबत थांबत चालायचा. चित्रात खिडकीतला उजेड टाकला की जागीच बसायचा.

“याला चांगलं ग्राफिक्स कार्ड हवं, आई. चित्राची सगळी मेहनत ते करतं. पण लॅपटॉप इतका पातळ, त्याच्या पोटात ते मावत नाही. म्हणून बाहेरून जोडायचं.”

कार्ड तिच्या थोरल्या भावाचं, नझीहचं. तो कॅनडाला गेला तेव्हा त्याचा मोठा कॉम्प्युटर इथेच राहिला. एकदा वीज उसळली आणि बाकी सगळं जळालं. एवढं कार्ड वाचलं. रुदैनाने ते काढून एका उघड्या पाटावर बसवलं, त्याला विजेचा वेगळा डबा लावला, आणि जाडशी वायर लॅपटॉपला खुपसली. पंखे फिरले, खुर्ची फिरली, आणि यावेळी न अडखळता.

“म्हणजे लॅपटॉप नुसता सांगणार आणि राबणार हे कार्ड,” मी म्हटलं.

“अगदी बरोबर.”

“मग लॅपटॉप तुझा बाप आणि कार्ड मी.”

ती हसली. भिंतीकडे तोंड केलेला माणूस काही हसला नाही.

उघडी वस्तू घरात मला बघवत नाही. आमच्याकडे टीव्हीवर, मिक्सरवर, पाण्याच्या डब्यावर, सगळ्यांवर मी स्वतः विणलेले जाळीचे रुमाल आहेत. कार्डावरही एक घातला. तो तसाही चांगला दिसत होता. रुदैना बाहेरून आली ती किंचाळलीच.

“आई! गुदमरेल ते! हात लावून बघ किती तापलंय!”

“धूळ बसेल.”

“बसू दे. त्याला वारा लागतो.”

रुमाल काढला. मग निदान दृष्ट तरी लागू नये म्हणून निळा मणी बांधला, तर दोरा पंख्यात जाऊन टर्रर्र झालं. शेवटी मणी भिंतीवरच्या खिळ्याला गेला. मशीनपासून हातभर लांब, पण नजर पोचेल असा.

“अहो, बघा तरी एकदा,” मी नवऱ्याला म्हटलं. “पोरीने तुमची खुर्ची जशीच्या तशी केलीय.”

“जिच्यावर बसता येत नाही ती खुर्ची नव्हे,” तो भिंतीला म्हणाला.

गुरुवारी मी सकाळीच फ्रिजचा प्लग काढला, दिवे बंद केले, धुणं हाताने धुतलं. रुदैनाने केस बांधले, ओठांना रंग लावला, आणि पुन्हा पुसून टाकला. मादामचा व्हिडिओ कॉल आला. बाई देखणी, गळ्यात सोनं, शेजारी घर सजवणारा एक चष्मेवाला. रुदैनाने नमस्कार-चमत्कार केले, फोन लॅपटॉपच्या पडद्यासमोर धरला, चित्रातल्या दिवाणखान्याचं दार उघडलं, आणि अबू सतूफच्या जनरेटरने एक ढेकर दिला आणि गप्प झाला.

कार्डाचे पंखे थांबले. खुर्ची गेली, दिवाणखाना गेला. लॅपटॉप तेवढा चालू राहिला, कारण त्याची बॅटरी त्याच्या पोटात. कार्डाला बॅटरी नाही. वीज गेली की ते मेलं.

मी बाल्कनीत गेले. “अबू सतूफ! काय झालं रे?”

“पट्टा तुटला, उम्म नझीह! संध्याकाळपर्यंत विसरा!” नझीहची आई म्हणून गल्लीत मला हेच नाव.

आत मादाम फोनवर म्हणत होती, “बाळ, मला समजतं, तिकडे असंच असतं. पण यानंतर इजिप्तचे, दमिएत्ताचे फर्निचरवाले त्यांचा माल दाखवणार आहेत. एवढी कॉफी होईपर्यंत थांबते, बरं का.”

रुदैना माझ्याकडे बघत होती. मग ती बाल्कनीपलीकडे बघायला लागली. बोळाच्या त्या बाजूला माझ्या धाकट्या जावेच्या, वजीहाच्या खिडकीत दिवा लख्ख जळत होता. आमचं घर कोपऱ्यावर. बोळाच्या पलीकडच्या घरांना दुसऱ्याच माणसाचा जनरेटर वीज देतो.

“काकूला विचारू?”

“नाही.”

वजीहाशी मी बोलत नव्हते. दुकानाचा तो पहिला अर्धा भाग तिच्या नवऱ्याने विकला होता, माझ्या दिराने, आणि भावाला न विचारता. त्याला विकायला कुणी लावलं ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. ती समोरून आली की मी पिशवी या हातातून त्या हातात घ्यायची. तीही घ्यायची.

तेवढ्यात दिवाणावरून आवाज आला. “राहू दे गं पोरी. दमू नकोस. आपलं नव्हतंच ते.”

किती हळू बोलला तो! हा माणूस म्हणजे टाचणी हरवली तरी अख्खी गल्ली डोक्यावर घेणारा. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याचा एवढा मऊ आवाज मी ऐकला नव्हता, आणि मला तो ऐकायचाही नव्हता.

मी फोन उचलला. “मादाम, मी रुदैनाची आई. कॉफी कोण करतं हो तुमच्याकडे?”

“मोलकरीण करते, काकी.”

“वेलची घालते?”

“नाही हो.”

“मग ती कॉफी ओतून टाका. नवी ठेवायला सांगा, वेलची घालून, मंद आचेवर. तीनदा वर येऊ द्या. पाहुण्याला बिनवेलचीची कॉफी देणाऱ्या घरात माझ्या नवऱ्याची खुर्ची शोभणार नाही.”

मादाम मोठ्याने हसली. चष्मेवाल्यालाही हसू आलं. तेवढी उसंत मिळाली. फोन लेकीच्या हातात दिला आणि मी बाल्कनीत गेले.

“वजीहा!”

खिडकीतून डोकं बाहेर आलं. मनगटापर्यंत पीठ. “कोण मेलं?”

“कुणी नाही. वीज दे.”

“इतक्या वर्षांनी पहिला शब्द, आणि तो ‘दे’?”

“दुसरा शब्द ‘घे’ असेल. काम झालं की.”

“माझा ओव्हन चालू आहे. मामूल अर्धे भाजलेत.” बकरी ईद तोंडावर आली होती, बोळभर तुपाचा आणि खजुराचा वास होता. वजीहाबद्दल मी काहीही बोलेन, पण तिच्या खजूर भरलेल्या मामूलना वाईट म्हणणार नाही. “दोन्ही लावलं तर खटका पडेल.”

“मग ओव्हन बंद कर.”

“ईदचे मामूल, उम्म नझीह! आत्ता काढले तर बसतील सगळे!”

“काय मागतेय ते मला कळतं.”

तिने हातांचं पीठ झटकलं. मग म्हणाली, “कुणासाठी?”

“तुझ्या मोठ्या दिरांसाठी.”

डोकं आत गेलं. खिडकीचं दार लागल्याचा आवाज आला आणि मला वाटलं, संपलं. पण आतला ओव्हनचा लाल दिवा विझलेला दिसला. मग ती एक्स्टेंशनची भलीमोठी गुंडाळी घेऊन बाल्कनीत आली. आमच्या दोन बाल्कन्यांमध्ये कप्प्यांवरून फिरणारी धुण्याची दोरी आहे, दोघींनी नव्या सुना असताना बांधलेली. ती कुणी काढली नव्हती, वापरलीही नव्हती. वजीहाने बोर्ड पावाच्या पिशवीत घातला, चिमट्यांनी दोरीला लावला.

“ओढ!”

मी ओढलं. कप्पी गंजलेली, ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी केकाटली. पिशवी बोळावर झुलत, थांबत, पुन्हा निघत माझ्याकडे आली. खाली भाजीवाला मान वर करून बघत होता.

“वरती काय बघतोस? कधी वीज बघितली नाहीस?” वजीहाने त्याला झापलं. मी झापणार होते, पण तिने आधी झापलं.

रुदैनाने वायर आत घेतली. मी म्हटलं, “लाव लवकर!”

“घाई नको. आधी कार्ड, मग लॅपटॉप. उलट केलं तर तो त्याला ओळखतच नाही.”

तिने लॅपटॉप पूर्ण बंद केला. कार्डाचा डबा चालू केला. पंखे फिरले. मग लॅपटॉप. पडदा काळा, काळाच. मी मनातल्या मनात अल्लाला दोन शब्द सुनावले आणि तिसऱ्याची तयारी करत होते, तेवढ्यात दिवाणखाना आला. आत खिडकी, खिडकीतून उन्हाचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात माझ्या नवऱ्याची खुर्ची.

“मादाम, बघा.”

रुदैनाने हिरवी मखमल डाळिंबी केली. खुर्ची फिरवली. लाकडाच्या रेषा उजेडात सरकल्या. चष्मेवाला काहीतरी म्हणायला लागला, मादामने हाताने त्याला थांबवलं.

“मागून दाखव,” ती म्हणाली. “सगळे पुढूनच दाखवतात.”

रुदैनाने मागून दाखवली. मागेही कोरलेलं होतं, खालपर्यंत, भिंतीला लागून जे कुणाला दिसणार नाही तेही.

“मागचं कोण कोरतं हल्ली?”

“माझे बाबा,” रुदैना म्हणाली.

तो दारात उभा होता. मोजे घातलेले, दाढी वाढलेली, एका हाताने चौकट धरलेली. कधी उठला ते मला कळलं नाही. तो हळूहळू टेबलापाशी आला, वाकला, आणि पडद्यावरच्या एका पानावर बोट ठेवलं. लाकडाची धार बघतो तसं, नखाने.

“हे पान तू डावीकडे वळवलंस.”

“तुम्हीच वळवता, बाबा. प्रत्येक खुर्चीवर, पाठीवरचं शेवटचं पान.”

“मी?”

“लहानपणापासून बघतेय.”

त्याने आठवून बघितलं असावं. ओठ हलले, बोट तिथेच राहिलं. त्याला ते माहीत नव्हतं. सारा जन्म त्याने ते पान डावीकडे वळवलं, आणि ते बघणारं कुणी होतं हे त्याला आज कळत होतं. मी दुसरीकडे बघितलं. टेबलावर धूळ बरीच होती.

“कोरणारे ते हेच का?” फोनमधून मादाम विचारत होती. “उस्ताद, मला आधी एक खुर्ची पाठवा. या चित्रासारखी आली तर सबंध संच तुमच्याकडूनच.”

“चित्रासारखी?” अबू नझीह फोनकडे वाकून म्हणाला. आवाज चढला होता, माझा जीव भांड्यात पडला. “बाई, खुर्ची आली की चित्र तिच्यासारखं आहे का ते तुम्ही बघा!”

मादाम हसत होती, “बघते, बघते,” म्हणत होती. फोन बंद झाला तरी हा बोलतच होता. अक्रोड कुठला घ्यायचा, आबिदजानच्या दमट हवेत सांधा कसा धरायचा, चष्मेवाल्याला काही कळत नाही वगैरे.

वजीहा बोळ ओलांडून, सगळे मजले चढून वर आली. हातात ताट. बसलेले, पांढुरके मामूल. दारातच थांबली. मी खुर्ची पुढे सरकवली. ती बसली. अबू नझीहने ताटातला एक उचलला, खाल्ला.

“कच्चे आहेत.”

“तुमच्याचमुळे, भाऊजी.”

त्याने दुसरा उचलला. मग तिसरा. कितीतरी दिवसांनी त्याला खाताना बघत होते. कच्चं पीठ पोटात दुखेल हे माझ्या जिभेवर आलं होतं, ते मी गिळलं. रुदैना खुर्ची अजून फिरवत होती, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

“शनिवारी तो मोबाइलवाला येईल,” तो तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. “त्याला सांगा, मी कामात आहे.”