पाण्याची नळी

त्या सकाळी ताईचं कशातच चित्त लागत नव्हतं. प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं, पण आजचं रक्त सख्ख्या धाकट्या बहिणीचं होतं. वडिलांचे हातपाय लुळे पाडणारा दोष धाकटीत उतरलाय का, ते बघायचं होतं. त्यापायी धाकटीनं आई होणं लांबणीवर टाकलं होतं.

काम तसं हातचा मळ. पेशी दुभंगण्याआधी डीएनएचे दोन धागे सुटे करते आणि प्रत्येकाला नवा जोडीदार विणते. ताईचं यंत्र नळीत तेच करतं, पुन्हा पुन्हा, फक्त दोषाच्या तुकड्यापुरतं. दोष असला की नळी उजळते. शेजारी एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची, म्हणजे बाहेरून दोष शिरला तर लगेच कळतं. ताईनं घालमेलीत हातमोजा काढून नख कुरतडलं आणि त्याच बोटांनी दोन्ही टोपणं लावली. याच चुकीसाठी ती नवशिक्यांना फाडून खायची.

धाकटीची नळी उजळली. ताई यंत्रावर वाकली. मग पाण्याचीही उजळली, आणि तिला हसूच फुटलं.

"सगळं फुकट गेलं की!" सहकारी म्हणाला.

"जाऊ दे. बरंच झालं. पुन्हा लावते."

या खेपेला हातमोजे हातांतच राहिले. यंत्र चालू असेपर्यंत ती सारखी ऊठबस करत होती. शेवटी धाकटीची नळी अंधारी राहिली, पाण्याचीही. दर खेपेप्रमाणे मुद्दाम ठेवलेला, दोष असलेला नमुना तेवढा उजळला, म्हणजे यंत्र धड होतं.

तिनं फोन लावला. "सुटलीस गं बाई!"

पलीकडे रडू, हसू, नवऱ्याला मारलेल्या हाका, सगळं एकदम.

"पण मघाशी पाण्यात आलं कुठून?" सहकारी पुटपुटला. "दोषाच्या नमुन्यातून उडालं असेल."

ते शक्य नव्हतं. बाकीची टोपणं लागल्याशिवाय तो नमुना उघडायचा नाही, हा ताईचाच दंडक होता, आणि तो तिनं मघाशीही पाळला होता. मग राहिली फक्त तिची उघडी, लाळेनं ओली बोटं. तिनं कुरतडलेल्या नखाकडे पाहिलं.

"ताई, ऐकतेयस ना?" फोनमधून धाकटी म्हणाली. "आता तूही तपासून घे बघू, म्हणजे दोघी मोकळ्या."

"माझं झालं गं."

"झालं? कधी?"

"तुझ्याबरोबरच," ताई म्हणाली.