जंगलाला लावलेला पडदा

पडदेवाल्यांच्या घरात त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सोफ्यावर, जेवणाच्या टेबलावर, अगदी फ्रिजच्या डोक्यावरही चकचकीत केशरी फिती. सगळ्या त्यांच्या पडद्यांच्या दुकानात उरलेल्या कापडाच्या.

"अहो, एक फीत मलाही बांधा," बायको म्हणाली. "या पसाऱ्यात हरवले तर सापडेन तरी!"

पडदेवाले हसले नाहीत. हरवण्यावरचा विनोद त्यांना खपत नसे. गेल्या वर्षी त्यांच्या भटकंती मंडळाच्या सहलीत शेजारच्या काकू वाट चुकल्या होत्या. वाट म्हणजे तरी काय, लहान मुलांनाही जमेल अशी सपाट पायवाट! पण काकू सापडेपर्यंत मंडळाचे प्रमुख म्हणून यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पुन्हा कुणी चुकता कामा नये, असा त्यांनी चंगच बांधला.

ती पायवाट झाडीच्या एका चिंचोळ्या पट्ट्यातून जायची. अलीकडे एक जंगल, पलीकडे दुसरं, आणि दोन्हींच्या मध्ये शेतं, रस्ते, घरं. जनावरांना ये-जा करायला तेवढा पट्टाच उरला होता. पायवाट तो आडवा कापायची. पडदेवाल्यांनी पायवाटेच्या कडेने, पट्ट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत झाडांना दोरी बांधून तिला फिती लटकवल्या होत्या. मधला थोडासा भाग राहिला होता. यंदाच्या सहलीच्या आदल्या दिवशी तो पुरा करायला ते निघाले. सोबत त्यांची ताई होती. ताई गुरांची डॉक्टर, नुकतीच निवृत्त झालेली. पाय मोकळे होतील म्हणून आली होती.

भर दुपारी पडदेवाल्यांनी शेवटची गाठ मारली आणि कात्री खिशात टाकली.

"झालं! आता डोळे मिटून चाललं तरी कुणी चुकायचं नाही."

ताई कान देऊन ऐकत होती. मघापर्यंत पाखरांचा नुसता कलकलाट चालला होता. तो थांबला होता.

"अशी काय बघतेस?"

"खाली बघ."

पडदेवाल्यांनी खाली पाहिलं. फितींच्या कडेने माती तुडवली जाऊन घट्ट झाली होती. खुरांचे ठसे, पंजांचे ठसे, लहान, मोठे. सगळे फितींपर्यंत आलेले, तिथून वळलेले आणि दोरीच्या कडेकडेने चालत गेलेले. कुणीतरी बंद दाराबाहेर येरझारा घालाव्यात तसे! आणि ते सगळे एकाच जागी येऊन पलीकडे गेले होते. जी फट त्यांनी आत्ताच बुजवली होती, तिथे.

त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

एवढ्यात मागच्या गवतातून बारीक आवाज आला. तान्हं बाळ रडावं तसा. या रानात बाळ कुठलं? फितींच्या पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं. मग पाचोळा वाजू लागला. कुणीतरी दोरीच्या पलीकडून डावीकडे जात होतं, परत येत होतं, उजवीकडे जात होतं. दाट झुडपांमुळे दिसत मात्र काहीच नव्हतं. वारा पडलेला. सगळ्या फिती स्तब्ध लोंबत होत्या. फक्त एक हलत होती. थांबत होती. पुन्हा हलत होती.

"ताई," त्यांनी हळूच विचारलं, "तिथे कोण आहे?"

"आई आहे," ताई कुजबुजली. "हरीण. तिच्या श्वासाने हलतेय ती फीत. पाडसाला गवतात लपवून चरायला गेली असणार. आता दुधाच्या वेळेला परतली, तर वाट बंद."

"बंद कुठे? नुसत्या चिंध्या आहेत! वाकली तर खालून सहज येईल."

"माझ्या दवाखान्यात तपासणीच्या खोलीला तूच पडदा शिवून दिलास ना? त्याला कुलूप होतं का?"

"पडद्याला कसलं कुलूप?"

"मग कुणी तो सारून आत घुसायचं का? नाही ना! पलीकडे काय आहे ते कळत नाही, म्हणून माणूस बाहेरच थांबतो. तिलाही कळत नाहीये. तुझी फीत तिला सापळा वाटतेय. अरे, काकू थोडा वेळ हरवल्या तर तुझा जीव अर्धा झाला होता. तिचं लेकरू तर हाकेच्या अंतरावर आहे, आणि मध्ये तू पडदा लावलायस!"

गवतातून पुन्हा हाक आली. या वेळी अगदीच क्षीण.

पडदेवाल्यांनी कात्री काढली आणि मघाशी मारलेली गाठ कापली. आणखी एक कापली. फिती ओढून छातीशी गोळा करत ते मागे सरकले आणि ताईसोबत झाडाआड बसले.

किती तरी वेळ काहीच झालं नाही. मग मोकळ्या फटीतून एक सावली आली. पाऊल टाकायची, थांबायची. त्यांच्या दिशेने मान वळवून तिने रोखून पाहिलं. पडदेवाल्यांनी श्वास रोखला. मग ती गवतात उतरली आणि ती हाक थांबली.

वर एक पाखरू बोललं. दुसऱ्याने साथ दिली. पडदेवाले डोळे पुसत होते.

त्या संध्याकाळी त्यांनी दोरीचा तुकडाही मागे ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी सहल ठरल्याप्रमाणे निघाली, गप्प आणि शिस्तीत. जिथे काकू चुकल्या होत्या, त्या वळणावर खुणेसाठी स्वतः पडदेवालेच उभे होते, आणि शेवटचा माणूस पुढे गेल्यावर तेही निघाले.

मित्रांनो, रानात आपण पाहुणे आहोत! पाहुण्याने स्वतःच्या काळजीपोटी घरच्यांची वाट अडवू नये. आपली माणसं सुखरूप राहावीत असं आपल्याला वाटतं, तसंच पलीकडे उभ्या असलेल्या आईलाही वाटतं. ती फक्त बोलून दाखवू शकत नाही.