पसंतीचे आकडे

जालन्याहून निघालेली बस महाबळेश्वरला पोचली तेव्हा आसराबाई उलट्या करून करून पार गळून गेली होती. बसमध्ये सगळे जिल्हा परिषदेचे आणि नगरपालिकांचे सदस्य. पुरुषांनी बायका आणल्या होत्या, आणि बाई सदस्यांबरोबर त्यांचे नवरे आले होते. जिल्हा परिषदेचा वडीगोद्रीकडचा गट महिलांसाठी राखीव झाला म्हणून नवऱ्यानं, त्रिंबकनं, आसराबाईला उभं केलं, आणि ती निवडूनही आली. त्यामुळंच आता विधान परिषदेच्या निवडणुकीत तिला मत होतं. अख्ख्या गावात तेवढं एकच मत. समोरच्यांनी ते फोडू नये म्हणून मतदानापर्यंत सगळ्यांना सहलीला आणलं होतं. उमेदवाराला सगळे भाऊ म्हणत. सहलीची व्यवस्था भाऊंच्या अप्पारावाकडं, म्हणजे त्यांच्या उजव्या हाताकडं, होती.

हॉटेल चांगलं होतं. गाद्या मऊ, जेवण दोन्ही वेळेला तेलकट. पुरुष पत्ते कुटत बसत, संध्याकाळी प्यायला बसत. बाजारात जायचं तर बरोबर अप्पारावाचा माणूस. घरी फोन करायचा तर तोही अप्पारावासमोर. तिकडं गावी वस्तीवर ज्वारी काढणीला आलेली आणि शेळ्या म्हाताऱ्या सासूच्या, गोपिकाबाईच्या गळ्यात. आसराबाईनं दोनदा विचारलं, "घरी कधी जायचं?" त्रिंबक म्हणाला, "अशी हवा गावाकडं भेटती का? गुमान राहा."

बाई सदस्यांच्या खोल्या वेगळ्या होत्या; तिच्या खोलीत प्रभावती होती, जालन्याची नगरसेविका. नवरा दुकान सोडून येऊ शकला नव्हता. तिला बरंच काही माहीत होतं. एका दुपारी आसराबाईनं तिला विचारलं, "ताई, ही बी आमदारकीच ना?"

"आमदारकीच. खालच्या सभागृहातले आमदार सगळी जनता निवडती. वरच्या सभागृहातले काही आपल्यासारखे सदस्य निवडतेत, काही मास्तर लोक, काही पदवीधर, अन् काही खुद्द आमदारच निवडतेत. राह्यलेले राज्यपाल नेमतेत."

"मंग वरचे काय करतेत?"

"खालच्यांनी मंजूर केलेला कायदा पुन्हा तपासायचा, सरकारला प्रश्न इचारायचे." प्रभावती हसली. "शाळेच्या पुस्तकात तरी असंच होतं."

"आमच्या नाल्यावर पूल न्हाई. पावसाळ्यात पोरं शाळेत जात न्हाईत. ते इचारता येतं का तिथं?"

"येतं की. इचारतील का, ते मला न्हाई सांगता येत."

आसराबाई गादीवर आडवी झाली. काही काम नसूनही तिचं अंग दुखत होतं. मेंढरं कोंडावीत तसं कोंडलंय, असं तिला वाटलं, पण ते बोलून दाखवायचाही उत्साह उरला नव्हता.

परत निघायच्या आदल्या दिवशी अप्पारावानं एकेकाला बोलावून समजावलं. या मतदानात शिक्का नसतो. उमेदवारांपुढं पसंतीप्रमाणे आकडे लिहायचे, पहिल्या पसंतीच्याला एक, मग दोन, तीन.

"तुम्ही भाऊंना एक टाकायचा," तो आसराबाईला म्हणाला. "सगळ्यात खालच्याला दोन, सगळ्यात वरच्याला तीन. हे फक्त तुमचं. दुसऱ्याला दुसरं दिलंय."

"एक टाकला की झालं न्हाई का? बाकीचं कशापाई?"

"मोजणीला आमचा माणूस बसलेला असतो. आकडे बघितले की त्याला कळतं, बराबर कुणी दिलं अन् कुणी दगा दिला."

परतीच्या बसमध्ये त्रिंबकनं रात्रभर तिच्याकडून ते घोकून घेतलं.

मतदानाच्या दिवशी बस थेट तहसील कार्यालयासमोर उभी राहिली. अंगावर कालचंच लुगडं, डोळ्यांत झोप. त्रिंबकला दारातच अडवलं. आत मतपत्रिका आणि जांभळ्या शाईचा पेन हातात मिळाला, आणि आसराबाई पुठ्ठ्याच्या आडोशाला गेली.

तिथं कुणी नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याकडं कुणाचंही लक्ष नव्हतं. ती नुसती उभी राहिली. भाऊ निवडून आले काय आणि न आले काय, तिला त्याचं काही नव्हतं. पण नवऱ्यानं शब्द दिला होता म्हणून तिनं भाऊंपुढं एक लिहिला. मग दोन लिहायला पेन खाली नेला, आणि हात तिथंच थांबला. तिनं पेन बाजूला ठेवला. मग कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकली.

"बराबर टाकलं ना?" बाहेर त्रिंबकनं विचारलं.

"टाकलं."

भाऊ निवडून आले. चार दिवसांनी अप्पाराव जीपमधून वस्तीवर आला. चहाला नको म्हणाला.

"तुमच्या आकड्यांची मतपत्रिका निघाली न्हाई, बाई."

"मी भाऊंनाच दिलं."

"मंग दोन अन् तीन कुठं गेले?"

"न्हाई लिहिले."

"का?"

आसराबाईनं विचार केला. "कंटाळा आल्ता," ती म्हणाली.

अप्पाराव हसला, पण त्याचे डोळे हसले नाहीत. "कंटाळा! त्रिंबकराव, असं कुणी दुसऱ्यानं सांगितलं असतं तर तुम्ही तरी मानलं असतं का?"

जीप गेल्यावर त्रिंबक खूप बोलला. महिला-बालकल्याण समितीचं सभापतिपद ठरल्यातच जमा होतं, ते आता गेलं, म्हणाला. ती भाकरी थापत राहिली. शेवटी दमून त्यानं हळू आवाजात विचारलं, "खरं सांग, भाऊंनाच दिलंस ना?"

"हो."

"मंग सांगितलेलं का न्हाई केलं?"

"तुम्हाला भाऊंसाठी मत पाहिजे होतं. ते दिलं."

त्याला ते पटलं नाही. जिल्हा परिषदेच्या पुढच्या सभेला तो बरोबर आलाच नाही, "तुझं तू बघ," म्हणाला. आसराबाई पहिल्यांदाच एकटी एसटीनं जालन्याला गेली. सभापतिपद दुसऱ्या बाईला गेलं होतं. तिनं उठून पुलाचं विचारल्यावर अध्यक्ष म्हणाले, निधी नाही. कुणी कागदातून मान वर केली नाही. ती खाली बसली. चप्पल पायातून जरा सैल केली आणि पुढच्या विषयाचं वाचन ऐकू लागली.